होय, हा रॉकच आहे

‘अभंग रिपोस्ट’ या मुंबईच्या बँडवर वाद घालायला मुंबई गाठावी लागत नाही. रत्नागिरी शहराला खेटून असलेल्या आमच्या मिरजोळ्यातही तो रंगतो. एका बाजूला देवळात पेटीवर बसणारे बुवा, दुसऱ्या बाजूला एमआयडीसीतली पाळी संपवून आलेली पोरे आणि मधे गणपतीला मुंबईहून आलेले चाकरमानी. संतांचे अभंग इलेक्ट्रिक गिटार, बास, ड्रम आणि आपली तालवाद्ये घेऊन गाणाऱ्या या तरुणांचे नेमके करायचे काय, हा प्रश्न. बुवा म्हणतात, हा अभंग नव्हे. मेटॅलिका आणि आयर्न मेडन ऐकून कान तयार केलेली पोरे म्हणतात, हा रॉक नव्हे. चाकरमानी दोघांच्या मधे पडून म्हणतात, अरे, संगीताला कसली लेबले लावता? कानाला गोड लागले म्हणजे झाले.

मला तिघांचेही म्हणणे मान्य नाही. अभंग रिपोस्ट हा रॉक बँड आहे. फ्यूजन नाही, भक्तिगीतांचा वाद्यवृंद नाही, ‘सगळ्यातले थोडे थोडे’ही नाही. रॉक. आणि तो जे गातो तो अभंगच आहे. या दोन विधानांत विसंगती आहे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी हा प्रतिवाद.

आधी बुवांचा मुद्दा घेऊ, कारण तो वयाने आणि अधिकाराने मोठा आहे. गिटार आली की अभंग संपला, असे ते म्हणतात, तेव्हा अभंग ही विशिष्ट वाद्यांवर वाजणारी चीज आहे असे त्यांनी गृहीत धरलेले असते. अभंग ही आधी काव्यरचना आहे. मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे यमक जुळते. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण. ही मोजणी अक्षरांची आहे. तिच्यात ना राग सांगितला आहे, ना वाद्य. म्हणून तर एकच अभंग वारीच्या वाटेवर टाळ-मृदंगात एका चालीवर म्हटला जातो, भीमसेन जोशींच्या संतवाणीत तो ख्यालगायकाच्या तानेसकट येतो आणि श्रीनिवास खळे यांच्या चालीवर लता मंगेशकरांच्या गळ्यातून येतो तेव्हा तो भावगीताच्या अंगाने जातो. या तिन्हींना आपण अभंगच म्हणतो. मग चौथ्या बांधणीपाशीच दार का लावायचे?

दार लावायला वाद्य परके असल्याचे कारण दिले जाते. त्यावर बुवांनी आपल्या मांडीपुढच्या पेटीकडे पाहावे. हार्मोनियम युरोपातून आली. तिथे ती पायाने भाता मारून वाजवायची. बसून, एका हाताने भाता हलवत वाजवायची पेटी कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी 1875 च्या सुमारास बनवली, आणि मग ती देशभर पसरली. पुढे हीच पेटी अभारतीय ठरली. तिच्यावर मींड निघत नाही, तिचे सूर आपल्या श्रुतींना धरून नाहीत, ही तक्रार होती. रवींद्रनाथ ठाकूर तिच्या विरोधात होते. 1940 मध्ये आकाशवाणीने तिला बंदी केली, आणि ती बंदी 1971 पर्यंत सैल झाली नाही. म्हणजे तीसेक वर्षे सरकारी रेडिओच्या लेखी पेटी परकी होती, आणि त्याच काळात कोकणातल्या प्रत्येक भजनी मंडळात ती देवासमोर वाजत होती. ती तक्रार शास्त्रदृष्ट्या खोटी नव्हती. पेटीचे सूर खरोखरच ठोकळेबाज आहेत. तरी भजन पेटीमुळे बाटले नाही. गिटारवर तर मींड निघते. त्या हिशेबाने ती पेटीपेक्षा अभंगाच्या जवळची.

आणि आपला बेंजो? गणपतीच्या आगमनापासून लग्नाच्या वरातीपर्यंत कोकणात आणि गिरणगावात ज्याच्याशिवाय पान हलत नाही, त्या बेंजोचा, म्हणजे बुलबुलतरंगाचा, मूळ पुरुष जपानी आहे. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी 1912 मध्ये टाइपरायटरसारख्या कळा बसवलेले तंतुवाद्य काढले, ‘ताइशोगोतो’ नावाचे. ते हिंडत हिंडत इथे आले आणि आपलेच झाले. आज बेंजोची गत वाजली की पाय आपोआप हलणाऱ्या माणसाने गिटार परकी म्हणावी, याला काय म्हणायचे?

वाद्याचे सोडा, तालाचे पाहू. भजनी ठेका आठ मात्रांचा. रॉकमधला नेहमीचा ठेका चार ठोक्यांचा. एकेका ठोक्याचे दोन भाग केले की आठ. फरक वजनाचा आहे. रॉकमध्ये बास ड्रम पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावर धमकतो, आणि स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्यावर कडाडतो. हे वजन उलटे पडले तरी आठाचे घर तेच राहते, म्हणून चरण मोडावा लागत नाही. उलट मोठ्या अभंगाचा चौथा चरण दोन अक्षरांनी आखूड असल्याने तिथे आपोआप मोकळी जागा तयार होते. भजनात ती जागा टाळकरी आणि पखवाजवाला भरून काढतात. बँडमध्ये ती गिटारची फिरत्या सुरांची ओळ, म्हणजे ज्याला रॉकवाले रिफ म्हणतात ती, भरून काढते. तुकोबांच्या रचनेत वाद्याला बोलायला सोय आहे. कोणते वाद्य, ते तिथे लिहिलेले नाही.

बुवांच्या आक्षेपातला एक भाग मात्र मी जसाच्या तसा उचलतो. शब्द ऐकू आले पाहिजेत. चरण भलत्या ठिकाणी तोडला, शेवटी संतांची नाममुद्रा गाळली किंवा ड्रमच्या धडाक्यात अर्थ बुडाला, तर तो अपराध आहे. पण हा अपराध गिटारचा नाही. दोन बुवांच्या डबलबारीत समोरच्या बुवाला चीत करण्याच्या भरात अभंगाला सिनेमाची चाल चढवून शब्दांची ओढाताण करणारे बुवा आपण सर्वांनी ऐकले आहेत. तिथे पेटी-पखवाज असल्याने शब्द वाचतात असे कुणाला वाटत असेल, तर त्याने एकदा पहाटेपर्यंत बारी ऐकावी.

आता पोरांकडे येतो. त्यांचे म्हणणे असे: रॉक म्हणजे राग, बंड, कर्कश विकृत केलेला गिटारचा आवाज, आणि शक्यतो इंग्रजी. विठ्ठलाचे नाव घेऊन डोळे मिटणारा रॉक कसा असेल?

याचे उत्तर रॉकच्या पाळण्यातच आहे. सिस्टर रोझेटा थार्प ही अमेरिकेतली काळी गायिका चर्चमधली भक्तिगीते इलेक्ट्रिक गिटार वाजवत गायची. 1938 मध्ये ती न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबसारख्या रात्रीच्या जलशांत गाऊ लागली तेव्हा चर्चमधले लोक तिच्यावर चिडले. देवाचे गाणे दारूच्या टेबलांसमोर नेले म्हणून. 1944 मध्ये ध्वनिमुद्रित झालेले तिचे एक भक्तिगीत रॉक अँड रोलच्या अगदी आरंभीच्या गाण्यांत अनेक जण मोजतात. एल्व्हिस प्रेस्ली, चक बेरी हे तिच्यानंतरचे. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने तिला 2018 मध्ये सन्मानाने आत घेतले. भक्ती आणि इलेक्ट्रिक गिटार यांचे लग्न मुंबईच्या पोरांनी लावलेले नाही. त्या लग्नातूनच रॉक जन्माला आला. देवाचे नाव असल्याने रॉक नाही, हे म्हणणे रॉकच्या आजीला घराबाहेर काढणे झाले.

भाषेचा मुद्दा तर त्याहून कच्चा. मुंबईत 1984 साली सुरू झालेला रॉक मशीन इंग्रजीत गायचा; उदय बेनेगल, महेश तिनईकर ही त्यातली माणसे. 1993 मध्ये त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केले. त्यांच्या रॉकपणावर कुणी शंका घेतली नाही, आणि त्याचे एक कारण भाषा हेच होते. पण कोलकात्यात 1975 मध्येच गौतम चट्टोपाध्याय आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘मोहीनेर घोडागुली’ काढला होता. बंगालीत गाणारा, बाउल आणि जॅझ दोन्हींना हात घालणारा. केरळात ‘अवियल’ नावाचा मल्याळी रॉक बँड झाला; सगळ्या भाज्या एकत्र शिजवून केलेल्या पदार्थाचे नाव त्यांनी मुद्दाम घेतले, आणि तरी त्यांना रॉकच म्हणतात. बंगाली आणि मल्याळीला जे चालते ते मराठीला चालू नये, हा न्याय कुठला?

राहिला सरमिसळीचा मुद्दा. रेगेचा ठेका आहे, फंकची बास आहे, मधेच आलाप येतो, तर हा रॉक कसा? या प्रश्नाचे उत्तर साताऱ्याच्या डोंगरात शाळा शिकलेल्या एका माणसाने देऊन ठेवले आहे. फारुख बुलसारा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथे पियानो शिकला, शाळेतल्या पोरांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. पुढे जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखू लागले. त्याच्या क्वीन या बँडने काय काय केले नाही? 1975 मध्ये ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’त ऑपेरा घातला. 1978 च्या ‘मुस्तफा’ची चाल मध्यपूर्वेकडच्या सुरांत नेली. 1979 मध्ये एल्व्हिसच्या काळचा रॉकाबिली वाजवला, आणि 1980 मध्ये ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ हे नाचाच्या क्लबात वाजणारे फंक गाणे दिले. 1991 च्या ‘इन्युएंडो’मध्ये स्पॅनिश फ्लेमेन्को गिटार आणली. इतके होऊन क्वीन रॉक बँड आहे की नाही यावर कुणी सभा भरवत नाही. बीटल्सचे तेच. 1967 च्या ‘विदिन यू विदाउट यू’ या गाण्यात ड्रम नाही, इलेक्ट्रिक गिटार नाही. सतार, दिलरुबा, तबला, तंबोरा, आणि बीटल्सपैकी एकटा जॉर्ज हॅरिसन. ते ज्या अल्बमवर आहे त्याला लोक रॉकचा मेरुमणी मानतात.

मग पाचगणीच्या पोराने ऑपेरा घातला तर ते रॉकचे वैभव, आणि मुंबईच्या पोरांनी अभंग घातला तर ती भेसळ, हे कसे? मला यात संगीताची पारख दिसत नाही. परदेशी माणसाने मिसळले तर प्रयोग आणि आपल्याने मिसळले तर खिचडी, एवढाच त्याचा अर्थ. कानात परदेशी पट्टी धरून बसलेल्यांची ही जुनी खोड आहे.

याच खोडीतून ‘फ्यूजन’ हा शब्द सुचतो. तो मला सर्वांत जास्त खटकतो, आणि बँडच्या परिचयात ‘फोक-फ्यूजन’ असे येते तेव्हाही खटकतो. स्वतःला काय म्हणवून घ्यायचे हा बँडचा हक्क आहे, पण श्रोत्याला त्याहून वेगळे म्हणण्याचा हक्क आहे. फ्यूजन हा शब्द गाण्यात काय काय पडले आहे याची यादी देतो. गाणे कसे बांधले आहे ते सांगत नाही. अमुक वाद्य देशी, तमुक परदेशी, म्हणून फ्यूजन. या मोजमापाने पेटी-तबल्यावरचे नाट्यपदही फ्यूजन ठरेल आणि बेंजोची वरातसुद्धा.

खरे फ्यूजन पाहायचे असेल तर ‘शक्ती’ या गटाकडे पाहावे. 1975 च्या सुमारास जॉन मॅक्लॉफ्लिन, झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम एकत्र बसले. अक्षरशः बसले, आपल्या मैफलीसारखे मंचावर मांडी घालून. गिटारही बहुतांशी अकुस्टिक. राग आणि ताल ही त्यांची समान भूमी. एकाने बोलायचे, दुसऱ्याने उत्तर द्यायचे, शेवटी लयकारीची चढाओढ आणि टाळ्या. दोन पिकलेल्या परंपरांतले पट्टीचे वादक समोरासमोर येतात आणि दोन्ही परंपरा ओळखू येतील अशा राहतात, याला फ्यूजन म्हणावे. शक्तीला 2024 मध्ये ग्रॅमी मिळाले, तेव्हाही ते ‘ग्लोबल म्युझिक’ या खणात मिळाले, आणि रॉकच्या खणात मिळाले नाही म्हणून कुणाला चुकल्यासारखे वाटले नाही.

रॉक बँडची बांधणी याहून निराळी असते. माझ्या मते ती तीन खुणांनी ओळखावी. पहिली, बास आणि ड्रम हा गाण्याचा कणा असतो. ते काढले तर गाणे उभे राहत नाही. भावगीतात तबला काढला तरी चाल पेटीवर गुणगुणता येते, गाणे तरते. दुसरी खूण मला सर्वांत महत्त्वाची वाटते: रॉकमध्ये साथीदार नसतात. आपल्या मैफलीत एक गायक असतो आणि बाकीचे त्याची साथ करतात. भजनात बुवा असतो आणि कोरस त्याच्या मागे. रॉक बँडमध्ये चार-पाच जण मिळून गाणे घडवतात, आणि बास वाजवणारा बदलला तर बँडचा आवाज बदलतो. तिसरी, विजेवर मोठा केलेला आवाज आणि उभ्याने ऐकणारा, अंगाने प्रतिसाद देणारा श्रोता. या तिन्ही खुणा अभंग रिपोस्टला लागू पडतात. गायकाच्या मागे बसलेला वाद्यवृंद तिथे नाही.

हाच वाद याआधी दिल्लीच्या इंडियन ओशनबद्दल होऊन गेला आहे, आणि त्यातून शिकण्यासारखे आहे. सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी 1990 मध्ये सुरू केलेल्या या बँडमध्ये बास वाजवणारा राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात काम करत होता. त्या खोऱ्यातल्या गाण्यांतून त्यांचे ‘मा रेवा’ आले. 2000 च्या ‘कंदिसा’ अल्बमचे शीर्षकगीत केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतल्या प्रार्थनेचे. 2003 च्या ‘झीनी’त कबीर. आणि 1993 च्या मुंबई स्फोटांवरच्या ‘ब्लॅक फ्रायडे’ या चित्रपटाला संगीत त्यांचे. सुस्मितच्या गिटारला पाश्चात्त्य रॉकची धार नव्हती, असीम तबला वाजवत गायचा. लोक चक्रावले. जॅझ म्हणावे, फ्यूजन म्हणावे की लोकसंगीत? पण वरच्या तीन खुणा लावून पाहा. बासचा कणा, साथीदार नसलेली मंडळी, अंगाने ऐकणारा श्रोता. 2009 मध्ये असीम गेला आणि 2013 मध्ये सुस्मित बाहेर पडला, तेव्हा बँडचा आवाजच पालटला, कारण तिथे कुणीही साथीला बसलेला नव्हता. इंडियन ओशन रॉक आहे, आणि त्याच न्यायाने अभंग रिपोस्टही.

यावर एक रास्त शंका निघते. मिसळ केलेले सगळेच रॉक ठरवले तर रॉक या शब्दाला अर्थ काय उरला? म्हणून कोण कोण यात बसत नाही तेही सांगतो. शक्ती बसत नाही. भीमसेनांची संतवाणी बसत नाही. तिथे गायक स्वामी आहे. 2014 च्या ‘लय भारी’तले अजय-अतुल यांचे ‘माउली माउली’ कितीही दणदणीत असले तरी बसत नाही. ते संगीतकाराच्या कल्पनेतून वाद्यवृंदासाठी बांधलेले चित्रपटगीत आहे. डीजेच्या गाडीवर अभंगाखाली यांत्रिक ठेका सरकवून वाजवलेले रिमिक्स तर मुळीच बसत नाही. तिथे बँडच नाही. विठ्ठलाचे नाव या सगळ्यांत आहे. त्यावरून शैली ठरत नाही. भक्ती हा गाण्याचा हेतू, अभंग ही त्याची काव्यरचना, आणि रॉक ही त्याची सांगीतिक बांधणी. तीन वेगवेगळ्या प्रश्नांची ही तीन उत्तरे आहेत. त्यांना एकमेकांशी झुंजवले की मिरजोळ्यातला वाद रात्रभर चालतो आणि सकाळी कुणाच्याच हाती काही लागत नाही.

आता चाकरमान्यांचे. त्यांचे वाक्य ऐकायला सर्वांत उदार, म्हणून सर्वांत फसवे. लेबले कशाला, संगीत ते संगीत! आणि वर पुस्ती अशी, की आपले लोककलावंत कधी असले भेद करत बसले नाहीत.

हे साफ चुकीचे आहे. कोकणातल्या लोककलावंताइतका भेद पाळणारा माणूस विरळा. जाखडी या नाचात शक्तीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष; शक्तीवाल्याला तुरेवाला म्हणून पाहा, म्हणजे कळेल. कुणाची बाजू श्रेष्ठ यावर रात्ररात्र सवाल-जवाब चालतात. नमन या आमच्या लोकनाट्यात गण कुठे, गौळण कुठे, संकासुराने केव्हा यायचे, हे मंडळातल्या पोराटोरांनाही पाठ असते. भजनात रूपाचा अभंग आधी, गजर नंतर. जाखडीवाल्यांनी ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड घेतले तरी ती जाखडीच राहिली, कारण घेर धरून नाचणे आणि सवाल-जवाब ही तिची बांधणी त्यांनी सोडली नाही. वाद्य बदलले, शैली बदलली नाही. आमच्या लोककलावंताला हे कुणी शिकवावे लागले नाही. तो वाद्ये मोजत नाही, रचना पाहतो.

शिवाय आपण लेबल लावले नाही म्हणून लेबल लागायचे राहत नाही. ते दुसरा कुणीतरी लावतो, त्याच्या सोयीने. अमेरिकेत काळ्या लोकांच्या गाण्यांच्या तबकड्यांना ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणायचे. 1949 मध्ये बिलबोर्ड साप्ताहिकाने ती यादी ‘रिदम अँड ब्लूज’ या नावाने छापायला घेतली. ‘वर्ल्ड म्युझिक’ हा शब्द विकायच्या खणावर 1987 च्या उन्हाळ्यात लंडनच्या एका पबात बसलेल्या काही छोट्या रेकॉर्ड कंपन्यांच्या माणसांनी लावला. आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिका यांच्या तबकड्या दुकानात ठेवायला त्यांना एक कप्पा हवा होता. ग्रॅमीवाल्यांनी त्या नावाचा वसाहती वास ओळखून ते बदलायला 2020 उजाडले. अर्ध्याहून अधिक जगाचे संगीत इतकी वर्षे एका खणात कोंबले गेले, कारण नाव ठेवणारे वेगळे होते आणि गाणारे वेगळे.

आपल्याकडेही नावे ठेवण्याने माणसांची पोटे आणि कान दोन्ही ठरले आहेत. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, मराठी माणूस आणि 1952 पासून केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री. शास्त्रीय संगीत ते खरे आणि चित्रपटगीत ते हलके, अशी त्यांची ठाम प्रतवारी होती. चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि अमीन सायानींची बिनाका गीतमाला घराघरांत पोचली. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 रोजी सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. केसकरांची चूक वर्गवारी करण्यात नव्हती. कोणते गाणे कोणत्या प्रकारचे, या प्रश्नाच्या जागी कोणते गाणे वरच्या जातीचे, हा प्रश्न त्यांनी बसवला, तिथे ते चुकले. शैलीचे नाव हे वर्णन आहे. ते प्रतिष्ठेचे प्रमाणपत्र झाले की घोटाळा होतो. आज ‘हा अभंग नव्हे’ आणि ‘हा रॉक नव्हे’ म्हणणारे दोघेही नकळत केसकरच आहेत. एकाने देवळाच्या दारात खुर्ची टाकली आहे, दुसऱ्याने रॉकच्या मंचाच्या पायरीवर.

नीट नाव देण्याचा खरा फायदा समीक्षेत आहे. भजन म्हणून ऐकाल तर अभंग रिपोस्टला कोणत्या कसोटीवर तपासाल? पाठांतर, पखवाजाची लयकारी, गजराचा चढ. या कसोट्या त्यांना लागू नाहीत, म्हणून निकाल आधीच ठरलेला. फ्यूजन म्हणून ऐकाल तर प्रत्येक गोष्टीचे कौतुकच करावे लागते, कारण फ्यूजनला अपयशी होता येत नाही. दोन गोष्टी मिसळल्या की झाले. रॉक म्हणून ऐकाल तेव्हाच खरे प्रश्न विचारता येतात. बास आणि ड्रम घट्ट बसले आहेत का? गिटारची ओळ शब्दांना उचलते की त्यांच्यावर चढते? सगळे अभंग एकाच वळणाने वर चढून एकाच ठिकाणी फुटतात का? शतकानुशतके गायल्या गेलेल्या शब्दांना चाल नवीन सुचली आहे, की जुन्या चालीला फक्त विजेचा धक्का दिला आहे? हे प्रश्न कठोर आहेत, आणि त्यांत बँडचा मान आहे. ‘पोरे देवाचे गातात, चांगले आहे’ असे म्हणून पाठीवर हात फिरवणे हा अपमान आहे.

म्हणून रत्नागिरी आणि आसपासच्या मंडळांना, आयोजकांना आणि स्पर्धा भरवणाऱ्यांना माझे सांगणे आहे. असा बँड बोलावलात तर त्याला भजन स्पर्धेच्या मधल्या वेळात गोडाधोडासारखा वाढू नका आणि ‘फ्यूजन नाईट’ असा फलकही लावू नका. बुवांचे भजन बुवांच्या कसोटीवर, नमन नमनाच्या कसोटीवर आणि हा बँड रॉकच्या कसोटीवर उभा राहू द्या. त्याला नीट ध्वनियंत्रणा द्या, कारण बास ऐकू आली नाही तर रॉक ऐकलाच नाही. समोर खुर्च्या कमी मांडा. गाणे संपल्यावर बुवांनी फक्त एवढे पाहावे, की शब्द पोचले का. आणि पोरांनी पाहावे, की अंग हलले का. दोन्ही झाले असेल तर अभंगही शाबूत आहे आणि रॉकही. दोन्ही झाले नसेल तर त्या बँडला बेधडक झोडा, पण रॉक बँड म्हणून झोडा.